दुखणं आहे, थकवा आहे, आजाराचं नाव मात्र अजून नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, सातारा या पट्ट्यातून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिणारी मी पेशंट आहे, डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. मात्र निदान होईपर्यंतचा काळ कसा काढायचा हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिलं आहे.

१. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. मग मला होतंय ते काय?

रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ एवढाच की ज्या गोष्टी शोधल्या, त्या सापडल्या नाहीत. वेदना मोजणारी रक्ततपासणी कुठेच नाही. काही आजार पहिली काही वर्षं एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. मणक्याचा दाहक संधिवात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, हा त्यातलाच. काही आजारांसाठी तपासणीच नसते (प्रश्न ९). आणि कधी मज्जासंस्थाच वेदनेचे संदेश वाढवून पोहोचवते. इजा दिसत नाही, पण दुखणं खरं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा दिलेली आहे.

‘काही नाही’ ऐकून उठून येऊ नका. विचारा: “डॉक्टर, या तपासण्यांतून कोणते आजार नाहीत हे कळलं? कोणत्या आजारांची शंका अजून बाकी आहे?” उत्तर कागदावर उतरवून घ्या. पुढच्या डॉक्टरांना त्या कागदाचा फाइलीतल्या जाड रिपोर्टांपेक्षा जास्त उपयोग होतो.

२. किती दिवस दुखलं म्हणजे ‘जुनाट’?

तीन महिन्यांपेक्षा जास्त. म्हणून तीन महिने वाट बघा असं नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

३. अजिबात थांबू नये अशी लक्षणं कोणती?

कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद अचानक कमी होणं: त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा. ताप असताना एकच सांधा लाल, गरम होऊन सुजणं. छातीत दुखणं, दम लागणं. वेदनाशामक गोळ्या चालू असताना काळी संडास होणं.

थोडं सावकाश, पण याच आठवड्यात दाखवावं असं: संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घामाने कपडे भिजणं, कारण नसताना वजन उतरणं. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो, मणक्याचाही असतो. तो वेळेत सापडला तर पूर्ण बरा होतो.

जगणं नको वाटत असेल तर तेही याच यादीत येतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

४. आधी कुणाला दाखवायचं? सगळे म्हणतात थेट मिरजेला जा.

मिरजेचं नाव उगीच झालेलं नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं तिथे उपचाराला येतात. पण ‘मिरजेला जा’ म्हणताना कुणाकडे जायचं हे राहूनच जातं.

माझं ठाम मत: आधी एकच एमडी मेडिसिन फिजिशियन धरा, मग ते विट्याचे असोत की कराडचे. गुडघ्यासाठी हाडांचे डॉक्टर, मुंग्यांसाठी नसांचे, पोटासाठी आणखी तिसरे असं स्वतःच ठरवून फिरलं की प्रत्येक जण आपापला अवयव बघतो आणि अख्खा माणूस कुणीच बघत नाही. फिजिशियन सगळं एकत्र ठेवून पुढे कुठे पाठवायचं ते ठरवतील.

सांधे सुजत असतील, किंवा सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ अंग आखडलेलं राहत असेल, तर संधिवाततज्ज्ञ म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट लागतात. हाडांचे डॉक्टर वेगळे, हे वेगळे. ही गल्लत फार होते आणि तिच्यात वर्षं जातात. खर्चाची अडचण असेल तर सांगली आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय, साताऱ्याचं सिव्हिल इथली मेडिसिनची ओपीडी हा चांगला रस्ता आहे. गर्दी असते, पण सगळे विभाग एका आवारात असतात.

५. ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेऊ का?

शक्यतो नको. पॅकेजमध्ये पन्नास आकडे येतात, त्यातले दोन-तीन किंचित इकडेतिकडे असतातच, मग त्यांच्याच मागे धावणं होतं. थकवा आणि अंगदुखीसाठी डॉक्टर साधारण इथून सुरुवात करतात: हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या), थायरॉईडसाठी टीएसएच, साखर, किडनी-लिव्हर, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा), लघवी. स्नायू दुखत असतील तर सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी), विशेषतः कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर. यातल्या बऱ्याच तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत किंवा नाममात्र दरात होतात.

माळकरी घरांत बी-१२ जरूर बघा. मांस-मासे-अंडी वर्ज्य आणि दूधही बेताचं असेल तर ते कमी पडणं अगदी शक्य आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तरीही. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा हे सगळं त्याने होऊ शकतं.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा. त्यांनी थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यायची. बरं वाटतं म्हणून महिनोन्‌महिने घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि त्यानेही थकवाच येतो.

६. डॉक्टरांसमोर बसलं की काही सुचत नाही. पाच मिनिटांत काय सांगू?

घरी बसून एक पान लिहा, एकच. सुरुवात कधी आणि कशानंतर झाली: ताप, बाळंतपण, ऑपरेशन, अपघात. दुखतं कुठे, माणसाची आकृती काढून तिथे खुणा केल्या तरी चालेल. सकाळी आखडणं किती मिनिटं टिकतं. हालचालीने बरं वाटतं की वाढतं. झोपून उठल्यावर ताजं वाटतं का. ताप, पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल होणं, केस गळणं, पोट बिघडणं यातलं काही आहे का. हे तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटतं, पण निदानाचा धागा बऱ्याचदा इथेच असतो. चालू असलेली सगळी औषधं, पुड्या आणि काढेसुद्धा.

‘फार दुखतं’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘पूर्वी दहा जणांच्या भाकरी थापायचे, आता दुसऱ्या भाकरीला मनगट धरतं’ यातून कळतं. ‘द्राक्षाच्या विरळणीला दिवसभर हात वर धरून उभी राहायचे, आता अर्ध्या तासात खाली बसावं लागतं’ यातून तर नेमकं कळतं. कामाच्या भाषेत सांगा.

चाळिशीच्या आतल्या मुलांनी एक गोष्ट मुद्दाम सांगावी: कंबरदुखी विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते का, पहाटे दुखण्याने जाग येते का. असं असेल तर ते वजन उचलल्याचं दुखणं नसून प्रश्न १ मधला मणक्याचा दाह असू शकतो.

७. आमच्याकडे म्हशी आहेत. त्याचा माझ्या अंगदुखीशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायला हवं. ब्रुसेलोसिस नावाचा जिवाणूंचा आजार जनावरांकडून माणसाला होतो: कच्चं दूध, किंवा व्यालेल्या अथवा गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढणं यातून. येऊन-जाऊन ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं अशी लक्षणं असतात. नेहमीच्या तपासण्यांत तो सापडत नाही, त्याची वेगळी तपासणी करावी लागते. सापडला तर किमान सहा आठवडे प्रतिजैविकं घ्यावी लागतात. मध्ये सोडली तर उलटतो. दूध उकळूनच प्या, वार काढताना हातमोजे घाला.

चिकनगुनियाही विसरू नका. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काही जणांचे महिनोन्‌महिने धरतात, क्वचित वर्षांवर. गावात साथ होती का, घरात आणखी कुणाला ताप होता का, तेव्हा तपासणी केली होती का हे आठवून लिहा.

८. एएनए पॉझिटिव्ह आलंय. नेटवर ल्युपस दिसतंय. रडू येतंय.

थांबा. एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, शोधताना ती करतात. पण एएनए धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येतं. १:४० हे प्रमाण (म्हणजे रक्त चाळीस पट पातळ करूनही ती दिसणं) तर निरोगी माणसांपैकी जवळपास तिघांत एकाला दिसू शकतं. १:१६० हे साधारण वीसात एकाला. लक्षणं काय आहेत, प्रमाण किती आहे, लघवीत प्रथिनं जातात का, पुढची नेमकी प्रतिपिंडं आहेत का हे सगळं एकत्र बघून निदान होतं.

संधिवातासाठी करतात त्या आरए फॅक्टरचंही तसंच. आजार नसताना पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि आजार असताना निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही त्याहून नेमकी तपासणी आहे. एचएलए-बी२७ (मणक्याच्या दाहक संधिवाताशी जोडलेली जनुकीय खूण) पॉझिटिव्ह असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधीच मणक्याचा आजार होत नाही.

एमआरआयबद्दलही इथेच सांगते. ‘गादी सरकली’ हे वाचून लोक हादरतात. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी सुमारे ३० टक्क्यांत मणक्यांमधली चकती (तीच ती गादी) फुगलेली दिसते. वय वाढतं तसं हे प्रमाणही वाढत जातं. रिपोर्टमधली चकती तुमच्या दुखण्याचं कारण आहे की नाही, हे तुम्हाला हात लावून तपासणाराच ठरवू शकतो.

९. फायब्रोमायल्जिया म्हणजे काय? त्याची टेस्ट कुठे होते?

सगळ्या अंगात, तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ दुखणं, झोपूनही ताजं न वाटणं, थकवा, डोकं जड आणि सुन्न होणं असा हा आजार. रक्ताची किंवा एक्स-रेची तपासणी नाही. कुठे किती दुखतं आणि लक्षणं किती तीव्र आहेत यावर गुण देऊन निदान होतं. पूर्वी, १९९० च्या निकषांत, अठरापैकी अकरा जागा दाबल्यावर दुखायला हव्यात असा नियम होता. २०१० पासून तो मागे पडला. ‘अकरा नाहीत, म्हणून तुम्हाला नाही’ असं आजही कुणी म्हणालं तर नवे निकष लावून पाहा अशी नम्रपणे विनंती करा.

दुसरा आजार असला म्हणजे फायब्रोमायल्जिया नाही, असंही नसतं. संधिवाताबरोबर तो असू शकतो. म्हणून सूज औषधांनी आटोक्यात आली तरी दुखणं उरतं, तेव्हा सारखं औषध वाढवत नेण्याआधी ही शक्यता विचारा.

१०. सगळे म्हणतात चालायला जा. मी चालले की दोन दिवस अंथरुणावर. मी आळशी आहे का?

नाही. याच प्रश्नावर सगळ्यात जास्त माणसांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे.

श्रमांनंतरची साधी दमणूक रात्रीच्या झोपेने जाते. पण एखादं काम करून झाल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी अंग मोडून येणं, घसा दुखणं, ताप नसून कसर वाटणं, बोललेलं न समजणं आणि हे कित्येक दिवस टिकणं, हे वेगळं लक्षण आहे. एमई किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम या आजाराची ती मुख्य खूण. सहा महिन्यांपासून पूर्वीसारखी कामं होत नाहीत, झोपून ताजं वाटत नाही, आणि त्याबरोबर डोकं चालत नाही किंवा उभं राहिलं की त्रास वाढतो, असं असेल तर डॉक्टरांकडे हे नाव काढा. कोविडनंतरही अनेकांना असं झालं आहे.

फायब्रोमायल्जियात हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम खरंच उपयोगी पडतो. एमईमध्ये ठरवून दर आठवड्याला वाढवत नेलेला व्यायाम करायला लावू नये, असं ब्रिटनच्या २०२१ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. निदान होईपर्यंत स्वतःची नोंद हाच आधार: दोन आठवडे रोज काय केलं आणि पुढच्या दोन दिवसांत काय झालं हे लिहा. चालल्यावर दुसऱ्या दिवशी तेवढंच किंवा बरं वाटत असेल तर वाढवा. कोसळत असाल तर कमी करा.

जतकडच्या शेतकऱ्याला विहिरीचं गणित माहीत असतं: जेवढा झरा तेवढाच उपसा. बरं वाटलेल्या दिवशी सगळी राहिलेली धुणी काढू नका. भाजी बसून चिरा. अर्धं काम झालं की थांबा, दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी. हे शिकायला मला सगळ्यात जड गेलं.

वारीचं विचारणारेही असतात. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते. अख्खी वाट चालायचा हट्ट न धरता चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणाला गाडीने जा, पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. त्याने भक्ती उणी होत नाही.

११. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. म्हणजे त्यांना मी वेडी वाटते?

बहुतेक वेळा नाही. अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधं मेंदू आणि मज्जारज्जूतले वेदनेचे संदेश कमी करतात. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिनचा डोस डिप्रेशनच्या डोसापेक्षा बराच कमी असतो. “ही गोळी कशासाठी?” असं सरळ विचारा. कुठलीही अशी गोळी एकदम बंद करू नका.

आणि वर्षानुवर्षं दुखत राहिलं, कुणी विश्वास ठेवला नाही, तर मन खचणारच. त्याचाही इलाज करून घ्यायचा. तो घेतल्याने दुखणं ‘मनाचं’ ठरत नाही. मात्र नवीन लक्षण सांगितल्यावर न तपासताच ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच मिळत असेल, तर दुसरं मत घ्या.

१२. सलाईन लावलं की चार दिवस बरं वाटतं. आणि संधिवाताच्या पुड्यांनी तर जादू होते. मग वाईट काय?

साध्या सलाईनमध्ये मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं. जुलाब-उलट्या नसताना, तोंडाने खातापिता येत असताना त्याची गरज नाही. बरं वाटतं ते तासभर शांत पडून राहिल्यामुळे किंवा बाटलीत सोडलेल्या इंजेक्शनमुळे. ते इंजेक्शन कोणतं होतं, हे लिहून मागा.

पुड्यांचं प्रकरण गंभीर आहे. ‘एकदम गुण’ देणाऱ्या, नाव-घटक नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. शिवाय स्टिरॉइडने सूज दबते, रिपोर्ट चांगले येतात आणि निदान आणखी लांबतं. तरीही बरेच महिने घेत असाल तर आज एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं आणि अचानक थांबवण्याने जिवाला धोका होऊ शकतो. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा आणि खरं सांगा. ते चिडले तरी चालेल.

आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर नोंदणीकृत वैद्यांकडून, लिहिलेल्या चिठ्ठीवर, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगून.

१३. घरात म्हणतात, नाटकं करते. सासूबाईंना कसं समजावू?

एकट्याने समजावण्यापेक्षा घरातलं एक माणूस पुढच्या वेळी दवाखान्यात बरोबर न्या, शक्यतो जे सगळ्यात कमी विश्वास ठेवतं तेच. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात वेगळं पोहोचतं. प्रश्न १० मधली वहीही दाखवा. ‘काल उभं राहून स्वयंपाक केला, आज हे’ असं लिहिलेलं असलं की वाद कमी होतो.

मदत मागताना नेमकी मागा. ‘मला होत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आत्या, पाणी तुम्ही भरा, भाजी मी बसून निवडते’. कुणी अंगारा, बाहेरचं बघणं सुचवलं तर त्यामागे बहुधा काळजी असते. भांडू नका, पण त्यासाठी औषध थांबवू नका.

१४. पाळीच्या वेळी सगळं दुप्पट होतं. सोनोग्राफी नॉर्मल आहे.

सोनोग्राफी नॉर्मल असली तरी एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो. पाळीत कामं बंद पडतील इतकं दुखणं, संबंधांच्या वेळी किंवा संडासला होताना दुखणं, गर्भ न राहणं हे एकत्र असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना याच नावाने विचारा. ‘लग्न झालं की थांबतं’, ‘मूल झालं की जातं’ हा इलाज नाही. अंगावरून जास्त जात असेल तर फेरिटिन बघितलंच पाहिजे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो.

१५. कुपवाडच्या कंपनीत आहे. रजा संपल्या. निदान नसताना काही मिळतं का?

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) कापला जात असेल, तर आजारपणाचा लाभ आहे: वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला हवा. खाजगी दवाखान्याची फाइल त्यांना सुरुवातीपासून दाखवत राहा, रजा संपल्यावर पहिल्यांदा नको.

१६. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. जुनाट वेदना, थकवा, फायब्रोमायल्जिया हे त्यात नाहीत, आणि ते असायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पण आजारामुळे खुबा, मणका, हाताचा सांधा कायमचा आखडला असेल तर अस्थिव्यंग या प्रकारात तपासणी होऊ शकते. अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः ठरलेल्या उपचारांसाठी, दाखल झाल्यावर लागू होते. निदानासाठीच्या ओपीडीच्या फेऱ्या तिच्यात बसत नाहीत.

१७. नाव लागायच्या आत आरोग्यविमा काढून घेऊ का?

काढा, पण लपवून नको. गेल्या ३६ महिन्यांत ज्या त्रासासाठी डॉक्टरांनी सल्ला किंवा उपचार दिला, तोही ‘आधीपासूनचा आजार’ धरला जातो, निदान झालं नसलं तरी. म्हणून फॉर्ममध्ये ‘अंगदुखी-थकवा, तपासण्या चालू’ असं लिहा. अशा आजारांसाठी थांबण्याचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही.

१८. एका डॉक्टरांनी एक नाव दिलं, दुसऱ्यांनी ते खोडलं. किती दिवस शोधत राहायचं?

दोघांनाही कारण विचारा: कोणत्या लक्षणावरून, कोणत्या तपासणीवरून. दुसऱ्यांच्या हातात नवीन माहिती होती का, की तीच माहिती वेगळी वाचली? आजार पुढे सरकला की चित्र स्पष्ट होतं, त्यामुळे नाव बदललं म्हणजे आधीचे चुकलेच असं नाही.

शोध आणि उपचार हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. झोप सुधारणं, वेदना कमी करणं, बी-१२ भरून काढणं, कामाची वाटणी करणं यांपैकी कशालाच आजाराचं नाव लागत नाही. मूळ तपासण्या झाल्या, प्रश्न ३ मधलं काही नाही, योग्य तज्ज्ञांनी एकदा नीट तपासलं, तर दर महिन्याला नवा दवाखाना गाठायची गरज उरत नाही. कर्ज काढून तर अजिबात नको. फिजिशियनबरोबर ठरवा: सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा सगळं पाहायचं. मधल्या काळात सांध्याला नवीन सूज, पुरळ, वजन उतरणं, डोळा लाल होऊन दुखणं, ताकद कमी होणं असं काही दिसलं तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न बघता फाइल घेऊन जा, आणि सूज किंवा पुरळ असेल तोवरच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात नंबर येईपर्यंत ते बऱ्याचदा उतरलेलं असतं.